ऑर्डरच्या कामात गिऱ्हाइकाचा रंग कसा ठरवायचा: नव्याने कामं घेणाऱ्यांसाठी

ऑर्डरवर चित्रं करायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका काकूंनी बैठकीच्या खोलीसाठी काम सांगितलं. "मागचा रंग मोरपंखी हवा, बाकी सगळं तुझ्यावर." बोलणं झालं ते एवढंच. मी खुशीत घरी आले आणि मोराच्या मानेचा झळझळीत निळा डोळ्यांसमोर ठेवून तीन बाय दोन फुटांचा कॅनव्हास भरला. अकरा दिवस लागले. काकूंनी वरचं कापड बाजूला केलं, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय गं, पण मोरपंखी कुठाय?" त्यांच्या मनातला मोरपंखी पिसाऱ्यातला होता, हिरव्याकडे झुकणारा. मोर एकच, मी मान धरून बसले होते, त्या पिसारा.

पार्श्वभूमी पुन्हा रंगवली. जास्तीचे पैसे मागायला तोंड नव्हतं, कारण विचारायचं राहिलं होतं माझंच. पुढे अशाच ठेचा खात जी पद्धत बसली ती इथे पायरीपायरीने लिहिते आहे. माझं काम मुख्यतः ॲक्रिलिक आणि जलरंगातलं. भरतकाम, विणकाम, मातीकाम करणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

१. आधी एवढं जवळ असू द्या

- अंतिम काम ज्या कॅनव्हासवर किंवा कागदावर होणार त्याचेच कापलेले तुकडे, पोस्टकार्डाएवढे
- शेडकार्ड, छापील चालेल, पण आपल्याच रंगांनी हाताने रंगवलेलं असेल तर फार बरं
- ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा
- घट्ट झाकणाच्या लहान डब्या
- मधोमध चौकोनी खिडकी कापलेला करड्या रंगाचा पुठ्ठा
- पाण्याने न पसरणारं पेन आणि एक वेगळी वही
- ऑर्डरचा एका पानाचा फॉर्म (त्यात काय लिहायचं ते सातव्या पायरीत)

करडा पुठ्ठा बघून गिऱ्हाईक हसतं, हसू द्या. खिडकीतून फक्त एकच रंग दिसतो, शेजारचे झाकले जातात. पुठ्ठा पांढरा किंवा रंगीत असला तर तोच डोळ्याला फसवतो, म्हणून करडा.

२. रंगाचं नाव ऐकून मान डोलवू नका

अबोली म्हटलं की कुणाला गुलाबी दिसतो, कुणाला केशरी. शेवाळी, आमसुली, डाळिंबी, राखाडी, सगळ्यांची हीच गत. रंगांना वस्तूंची नावं देण्यात आपली भाषा मोठी श्रीमंत आहे, पण ऑर्डर घेताना हीच श्रीमंती नडते. नाव वहीत लिहून घ्या आणि लगेच विचारा: "असा रंग तुमच्याकडे कशाचा आहे?" ओढणी, उशीचा अभ्रा, जुन्या पुस्तकाचं कव्हर, काहीही चालेल. ती वस्तू प्रत्यक्ष मागवा. तिचा फोटो नको.

वस्तू समोर आली की तीन प्रश्न. अल्बर्ट मनसेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने, जो चित्रकला शिकवायचाही, १९०५ साली रंग तीन मापांत मांडायची पद्धत प्रसिद्ध केली: रंग कोणता, तो किती उजळ किंवा गडद, आणि किती चोख किंवा मळलेला. गिऱ्हाइकाला हे सगळं सांगत बसू नका, फक्त बोलीत विचारा. "याहून निळसर हवा की हिरवट?" "याहून फिका की गडद?" "एवढा भडक हवा, की जरा दबलेला?" पंधरा मिनिटं गप्पा मारून जे निघत नाही ते या तिन्हींतून निघतं.

शेवटचा प्रश्न: "कुठला रंग अजिबात नको?" याचं उत्तर सगळ्यात नेमकं येतं. हवं काय ते सांगता न येणारी माणसंसुद्धा "तो दवाखान्याच्या पडद्यासारखा हिरवा नको हं" असं फटकन सांगून टाकतात.

दोन सापळे इथेच दबा धरून असतात. पहिला म्हणजे "तुम्हीच ठरवा, तुम्ही कलाकार." असं म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा पक्कं चित्र असतं, फक्त शब्द नसतात. त्यांच्यासमोर दोन अगदी विरुद्ध शेड ठेवा आणि बोलण्याकडे लक्ष न देता चेहऱ्याकडे बघा. दुसरा सापळा घरातला. ऑर्डर एकजण देतो आणि पसंती-नापसंती तिसराच ठरवतो. "शेवटचं हो कोण म्हणणार?" हे पहिल्याच भेटीत विचारा आणि ते नाव वहीत लिहा. विचारायला अवघड वाटतं, पण नंतर सासू-सुनेच्या मधे ब्रश घेऊन उभं राहणं त्याहून अवघड आहे.

आणखी एक. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारी माणसं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, त्यातही पुरुष जास्त. कुणालाही थेट विचारू नका. प्रत्येक नमुन्यामागे आकडा लिहा, म्हणजे "तो जरा लालसर" असं बोलण्याऐवजी "दोन नंबर" असं बोलणं होतं आणि कुणाची पंचाईत होत नाही.

३. चित्र लागणार कुठे, दिवा कोणता

खिडकीत बसून पसंत केलेला रंग रात्री दिव्याखाली वेगळाच दिसतो ही तक्रार खोटी नसते. नेहमीचा पिवळसर दिवा साधारण २७०० केल्विनचा (उजेड किती पिवळा की निळसर ते सांगणारं हे माप), दिवसाचा उजेड ५००० ते ६५०० च्या आसपास. पिवळ्या उजेडात निळे मंदावतात आणि केशरी-लाल खुलतात. यापुढची भानगड म्हणजे दोन रंग एका उजेडात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात सरळ वेगळे दिसतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे बनलेले असतात. "सोफ्याशी जुळवून द्या" अशी ऑर्डर असेल तर हे हमखास आडवं येतं: सोफ्याचं कापड डायने रंगवलेलं, आपला रंग ट्यूबमधला.

त्यामुळे सोफ्याशी, पडद्याशी तंतोतंत जुळवून देण्याचं वचन मी देत नाही. "शोभेल असा देते, तोच देत नाही," हे तोंडी सांगते आणि फॉर्मवर लिहितेही. नमुने गिऱ्हाइकाच्या घरी त्याच भिंतीला टेकवून दिवसा एकदा, रात्री दिवा लावून एकदा बघायला सांगते. भिंतीचा रंग, उन्हाची दिशा आणि दिवा पिवळा की पांढरा, एवढं वहीत टिपून ठेवलं तरी पुरतं.

४. फोनवरच्या रंगावर काम सुरू करू नका

फोनचा कॅमेरा पांढरा कशाला म्हणायचं ते स्वतःच ठरवतो. खोलीत लाकडी सामान जास्त असलं की फोटो थंड करून टाकतो. मग तो फोटो ज्या स्क्रीनवर उघडतो तिथे रात्रीचा पिवळा मोड चालू असतो. शिवाय स्क्रीन उजेड बाहेर फेकते आणि रंग उजेड परत पाठवतो. स्क्रीनवरचा तो पेटलेला निळा कुठल्याही ट्यूबमधून निघणार नाही. फोटो विषयासाठी, मांडणीसाठी खुशाल घ्या, रंगाच्या होकारासाठी घेऊ नका.

गिऱ्हाईक परगावी असेल तर नमुन्याचा तुकडा पाकिटात घालून पोस्टाने पाठवा. चार दिवस जातात, जाऊ देत.

५. तीन पट्ट्या करा, आणि सुकू द्या

सगळ्या लेखातली हीच पायरी खरी. बाकीच्या चुकल्या तर निभावून नेता येतं, ही चुकली की चित्र परत येतं.

तुकड्यांवरच्या रंगाच्या पट्ट्या तीनच. एक गिऱ्हाइकाने सांगितल्याबरहुकूम, दुसरी त्याहून थोडी दबलेली, तिसरी तुमच्या मताने त्या जागेला शोभेल ती. दहा पट्ट्या दिल्या की माणूस गोंधळतो आणि अकरावी मागतो, हे मी करून बघितलंय. अंतिम कामाला जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) जेवढे हात देणार, तेवढेच तुकड्याला द्या. रंगाचे थरही तेवढेच. वरून वार्निश येणार असेल तर अर्ध्या पट्टीवर वार्निश लावा आणि अर्धी कोरी ठेवा. चकचकीत वार्निशने गडद रंग आणखी खोल होतात, मॅट वार्निशने त्यांच्यावर हलकी धुरकट साय आल्यासारखं होतं, आणि हे शब्दांत समजावता येत नाही, दाखवावं लागतं.

ओला रंग कुणालाही दाखवू नका. ॲक्रिलिक ओलं असताना त्यातला चिकट घटक दुधाळ असतो. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंग एक पायरी गडद होतो. जलरंग उलटे, सुकल्यावर फिके पडतात. गुवाश (अपारदर्शक जलरंग) दोन्हीकडून चकवतो: फिक्या शेड जरा गडद होतात, गडद शेड जरा फिक्या. रंगवलेलं सूत किंवा कापड ओलं असताना गडद दिसतं. मातीकामात तर भट्टीत जाण्याआधीची झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) आणि नंतरची यांचा चेहरामोहराही जुळत नाही. तांबं घातलेली झिलई भरपूर हवेत भाजली तर हिरवी, भट्टीतला प्राणवायू कमी केला तर लाल होऊ शकते. तिथे भाजलेला नमुनाच दाखवायचा.

आता शेजाऱ्यांचा विचार. एकोणिसाव्या शतकात मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगविभाग सांभाळत होता. काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळी लोकर तपासली, तिच्यात काही खोट नव्हती. तो काळा ज्या निळ्या-जांभळ्या रंगांच्या शेजारी विणला जात होता, ते त्याला निस्तेज दाखवत होते. १८३९ साली त्याने यावर सगळा ग्रंथच छापला. आपल्यासाठी यातला व्यवहार एवढाच, की पट्टी एकटी दाखवू नका. चित्रात तिच्या शेजारी येणारे एकदोन मुख्य रंगही तुकड्याच्या कडेला लावा. "पट्टीत छान होता, चित्रात मळका वाटतो" ही तक्रार आली तर खिडकीचा करडा पुठ्ठा काढा आणि पट्टी व चित्र दोन्ही त्यातून दाखवा. गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, "अरेच्चा, तोच की!"

"फार भडक वाटतोय" म्हटलं की नवशिके पांढरा ओततात. मीही ओतायचे. पांढऱ्याने रंग शांत होत नाही, खडूसारखा होतो. लालाचा तर थेट गुलाबी होतो. भडकपणा काढायचा असेल तर रंगचक्रात त्याच्या समोर येणारा रंग चिमूटभर घाला: लालात हिरवा, निळ्यात केशरी. सुईच्या टोकावर येईल एवढ्याने सुरुवात करा, परतीची वाट नसते.

पट्टी पसंत पडली की तिच्या मागे गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घ्या. पट्टी दोन भागांत कापा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे.

६. नाही कधी म्हणायचं

मला न आवडणारा रंग हे नाही म्हणायचं कारण होऊ शकत नाही. भिंत त्यांची आहे. माझं मत मी एकदा सांगते, कारणासकट, आणि मग गप्प बसते. गंमत म्हणजे मी नाक मुरडून केलेली दोन कामं त्या त्या घरात इतकी छान दिसली, की आता एकदा सांगतानाही आवाज जरा खाली असतो.

टिकणार नाही असा रंग मात्र ठाम नाकारा. व्हॅन गॉगने १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र रंगवलं. भिंती फिक्या जांभळ्या असल्याचं त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातलं लाल रंगद्रव्य उडून गेलं. आपल्या गिऱ्हाइकाच्या भिंतीवर हेच व्हायला नको असेल तर ट्यूबवरचं नाव सोडा आणि बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा संकेत वाचा. पीआर ८३ म्हणजे जुना अलिझरिन क्रिमझन. फिक्या थरात लवकर उडतो. पीव्ही १९ संकेताचा क्विनॅक्रिडोन नावाचा रंग जवळपास तसाच दिसतो आणि टिकतो. फ्लुरोसंट रंग उजेडात लवकर मरतात, कितीही हट्ट धरला तरी मी देत नाही. प्रकाशात टिकण्याचा दर्जा बहुतेक चांगल्या ट्यूबवर छापलेला असतो; एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पद्धतीत पहिला आणि दुसरा वर्ग चालतो, त्याखालचे विकण्याच्या कामात नकोत.

नाही म्हणताना हातात पर्याय असू द्या. "हा नाही, पण हा बघा" असं म्हणून पट्टी पुढे करा.

७. कागदावर घ्या

हे फार औपचारिक वाटत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. १४८५ साली फ्लोरेन्समध्ये दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराला अनाथ मुलांच्या आश्रमाच्या चर्चमधल्या वेदीसाठी चित्र करायचं होतं. त्या करारात निळा कोणता वापरायचा तेही लिहिलेलं आहे: औंसाला साधारण चार फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) किमतीचा अल्ट्रामरीन. लाजवर्द दगडापासून बनणारा हा रंग भलताच महाग, आणि चित्रकार त्याजागी स्वस्त निळा वापरेल ही धास्ती पैसे देणाऱ्याला. पाचशेहून जास्त वर्षं झाली, गिऱ्हाईक तेच आहे.

फॉर्मवर माझ्या एवढं असतं: मापं, माध्यम, पसंत पट्टीचा नंबर आणि तारीख, शेवटचा होकार देणाऱ्याचं नाव, काम सुरू होण्याआधी रंगात किती बदल फुकट (मी दोन देते), सुरू झाल्यावर बदलाचे पैसे कसे, ॲडव्हान्स किती, आणि "हाताने केलेल्या कामात पट्टीपेक्षा किंचित फरक राहू शकतो" हे एक वाक्य. ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. नुसतं छापून ठेवलं तर ऐनवेळी त्याचा उपयोग होत नाही.

पट्टीवर सही आणि ॲडव्हान्स, दोन्ही हातात येईपर्यंत कॅनव्हासला हात लावू नका. माणूस ओळखीचा असला तर जास्तच.

८. काम चालू असताना

मुख्य रंग लागेल त्याच्या दीडपट एकदमच कालवा. संपल्यावर तोच पुन्हा कालवता येईल हा भ्रम आहे. वजन करून प्रमाण लिहा, उरलेला डबीत भरा, झाकणावर नाव आणि तारीख. डागडुजीला हीच डबी कामी येते. लोकर, सूत वापरणाऱ्यांनी सगळा माल एकाच डाय लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) घ्यावा. लडीवरचा लॉट नंबर वेगळा असला तर नाव एक असूनही शेड वेगळी निघते.

गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचे तर दोनदाच: पाया भरल्यावर आणि संपायला आल्यावर. फोटोत सही केलेली पट्टी कॅनव्हासला टेकवून ठेवा. फोनने रंग बदलला तरी दोन्हींचा सारखाच बदलतो आणि जुळतंय की नाही ते कळतं. रोज फोटो पाठवलेत तर रोज मत येईल.

मधेच रंग बदलायचा मोह गिऱ्हाइकापेक्षा आपल्याला जास्त होतो. चित्र रंगात आलं की वाटतं, इथे थोडं सोनेरी हवं, त्यांना नक्की आवडेल. व्हिसलर या चित्रकाराला लंडनमधल्या लेलँड नावाच्या जहाजमालकाच्या जेवणघरातल्या दारं-खिडक्यांचा रंग तेवढा सुचवायचा होता. मालक बाहेरगावी होता. १८७६-७७ मध्ये याने भिंतीवरच्या महागड्या चामड्यासकट सगळी खोली निळी आणि सोनेरी करून टाकली, वर दोन हजार गिनी (एक गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त) मागितल्या. लेलँडने एक हजार पौंड दिले. मग व्हिसलरने त्याच भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले, एकाच्या पायाशी नाणी. खोली आज वॉशिंग्टनमध्ये संग्रहालयात आहे आणि अप्रतिम आहे, पण त्या दोघांची मैत्री तिथेच संपली. तुम्हाला बदल सुचला तर फोन करा, पट्टी करा, सही घ्या.

९. "हा तो रंग नाहीच"

आधी ऐकून घ्या, मधे बोलू नका. मग चित्र आणि पट्टी एकाच उजेडात शेजारी ठेवा. पट्टीशी जुळत नसेल तर चूक तुमची. विनातक्रार, विनामोबदला दुरुस्त करून द्या. जुळत असेल तर वाद घालण्याऐवजी दुसऱ्या पायरीतले तीन प्रश्न पुन्हा विचारा. बहुतेकदा रंग तोच असतो, नुसता थोडा गडद वाटत असतो, आणि चित्र दुसऱ्या भिंतीवर हलवून किंवा एक पातळ थर देऊन भागतं. ॲक्रिलिकवर असा पातळ थर सहज बसतो, पण वार्निशच्या आधी. म्हणून मी वार्निश शेवटची पसंती मिळाल्यावरच लावते. जलरंगात ही सोय जवळजवळ नाही, तेव्हा तिथे पट्टीच्या वेळी दुप्पट वेळ घ्या.

संपूर्ण वेगळा रंग हवा असेल तर ते नवीन काम. फॉर्म काढा, शांतपणे दर सांगा.

१०. पट्टी आणि प्रमाण जपून ठेवा

प्रत्येक ऑर्डरचं एक पाकीट. आत आपल्या वाट्याची अर्धी पट्टी, ट्यूबवरचे संकेत, वजनाचं प्रमाण, किती थर, कुठलं वार्निश. पाकिटावर गिऱ्हाइकाचाच शब्द लिहा, आपला नको, आणि पुढे कंसात खुलासा. माझ्या पहिल्या पाकिटावर "मोरपंखी (पिसाऱ्यातला)" असं आहे.

पाकिटं अंधारात, कोरड्या जागी ठेवा. आणि चार-पाच वर्षांनी कुणी "त्याच रंगात जोडीचं चित्र करून द्या" म्हणत आलं, तर थेट पाकिटावरून काम सुरू करू नका. तुमची पट्टी इतके दिवस अंधारात होती, त्यांचं चित्र उजेडात, धुळीत. आधी त्यांच्या घरी जाऊन पट्टी चित्राला लावून बघा. फरक दिसला तर नवा रंग चित्रासारखा कालवा, पट्टीसारखा नको, आणि त्याची नवी पट्टी करून पुन्हा सही घ्या.